सकाळी सहाचे बँकॉक, दुपारी दोनचा पलंग

कमी खर्चातल्या परदेशवारीचा पहिला दिवस हा सबंध वारीतला सर्वांत लांब दिवस असतो. त्याचे मूळ विमानाच्या तिकिटात आहे. स्वस्त तिकीट म्हणजे अपरात्रीचे तिकीट. मुंबईहून बँकॉकला जाणारे असे विमान मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, चार-साडेचार तास उडते आणि तिथले घड्याळ दीड तास पुढे असल्यामुळे सकाळी सहाच्या आगेमागे उतरते. हॉस्टेलमधला पलंग मात्र दुपारी दोनला ताब्यात मिळतो. मधल्या आठ तासांत प्रवासी, त्याची सॅक आणि बँकॉकची हवा यांचा जो सहवास घडतो, त्याला पहिला दिवस म्हणायचे. तिकिटात वाचवलेले दोन-तीन हजार रुपये याच आठ तासांत परत जातात. ते एकरकमी जात नाहीत, सुट्या पैशांत जातात, म्हणून जाताना दिसत नाहीत इतकेच.

सॅकची तयारी घरीच सुरू होते. स्वस्त विमान कंपन्या केबिनमध्ये ७ किलोंची मुभा देतात आणि काहींच्या सर्वांत खालच्या भाड्यात त्यापलीकडचे सामान धरलेलेच नसते. मग वजनकाट्यावर आधी नुसते आणि नंतर सॅक घेऊन उभे राहायचे आणि वजाबाकी करायची. उत्तर साडेआठ येते. यावर उपाय म्हणून जीन, जाड स्वेटशर्ट आणि ट्रेकिंगचे बूट हे सगळे अंगावर चढते, कारण काउंटरवर सॅकचे वजन होते, माणसाचे होत नाही. बँकॉकमध्ये बाराही महिने दुपारी पारा तिशीच्या वर असतो हे प्रवाशाने वाचलेले असते. पण त्या घडीला प्रश्न दीड किलोचा असतो. या दीड किलोत भाकरवडी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकुटाची पुडी आहे, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही. त्या पुड्या आईने भरलेल्या असतात आणि त्यांना हात लावण्यापेक्षा टूथपेस्ट अर्धी पिळून टाकणे सोपे जाते.

उतरल्यावर लागतो तो सुवर्णभूमी विमानतळ. हा २००६ मध्ये सुरू झाला. तिथे देव-दानव वासुकीला ओढून समुद्रमंथन करत असल्याचे एक भव्य शिल्प आहे आणि भारतीय प्रवाशाने त्याच्यासमोर फोटो काढायचा बेत आधीच केलेला असतो. शिल्प निर्गमनाच्या बाजूला, पासपोर्ट तपासणीच्या पलीकडे आहे. येणाऱ्याला ते दिसत नाही. परतताना दिसते, आणि तोवर दानवांच्या चेहऱ्यावरचे कष्ट अधिक समजू लागलेले असतात. येणाऱ्याच्या वाट्याला इमिग्रेशनची रांग येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाची अट माफ केली, तेव्हापासून या रांगेत मराठी कानावर पडणे अजिबात दुर्मीळ राहिलेले नाही. आगमनाचा कागदी फॉर्म १ मे २०२५ पासून ऑनलाइन झाला. तो फुकट भरता येतो. भरून देण्याचे पैसे घेणाऱ्या वेबसाइटही आहेत आणि त्यांनाही गिऱ्हाईक मिळते.

अधिकारी बहुधा काही विचारत नाही. पण तो परतीचे तिकीट, राहण्याचे बुकिंग आणि जवळचे पैसे पाहू शकतो, आणि पर्यटकाजवळ माणशी २०,००० बाट असावेत असा नियम सांगितला जातो. म्हणजे ५० हजार रुपयांच्या वर. सबंध सहल त्याच्या निम्म्यात उरकण्याची प्रतिज्ञा करून निघालेल्या माणसाने, न खर्चायची रक्कम दाखवण्यासाठी बरोबर बाळगायची असते. ती तो मोज्यात, पासपोर्टच्या पाकिटात आणि सॅकच्या आतल्या कप्प्यात अशी तीन ठिकाणी विभागून ठेवतो आणि पुढे तासातासाने तिन्ही ठिकाणे चाचपत राहतो. पाकीटमाराला यापेक्षा स्पष्ट मार्गदर्शन मिळणे कठीण.

यानंतर गणित सुरू होते. एक बाट म्हणजे अडीच रुपये आणि वर काही पैसे. आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, दिडकीबरोबर अडीचकीही घोकली होती. तिचा असा उपयोग होईल हे त्यांना ठाऊक नव्हते आणि ज्यांना उपयोग आहे त्यांना ती येत नाही. मग पहिल्या दिवशी प्रत्येक वस्तूसमोर मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर उघडतो. पाण्याची बाटली, गुणिले अडीच. केळे, गुणिले अडीच. विमानतळावर पैसे बदलण्याचे काउंटर पावलापावलावर आहेत, पण चांगला भाव तळघरात, रेल्वे स्टेशनाजवळ मिळतो, ही वाटसरूंची जुनी विद्या आहे. प्रवासी चार मजले धुंडाळून तिथे पोचतो आणि शे-दीडशे रुपये वाचवतो. संध्याकाळी रोख संपली म्हणून तो एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा परदेशी कार्डावरचे शुल्क म्हणून दोनशेहून अधिक बाट कापले जातात. यंत्र तशी सूचना पडद्यावर देते. मागे रांग असते, म्हणून तो ‘हो’ दाबतो.

शहरात जायला एअरपोर्ट रेल लिंक आहे. ती २०१० पासून धावते आणि शेवटच्या फाया थाई स्टेशनापर्यंत ४५ बाट घेते. दुसरीकडे, जिथे हॉस्टेल आहे त्या खाओ सान रोडला थेट जाणारी एस-१ बस आहे, तिचे ६० बाट. टॅक्सीचा मीटर ३५ पासून सुरू होतो, पण त्यावर विमानतळाचे ५० आणि उन्नत मार्गाचा टोल. टॅक्सीचा विचार प्रवासी मनातही आणत नाही. बस आणि रेल्वे यांत १५ बाटचा फरक आहे, म्हणजे साडेसदतीस रुपये, म्हणून तो रेल्वे निवडतो. हा हिशेब अचूक आहे. त्यात एवढेच राहते की खाओ सान रोड फाया थाईपासून चारेक किलोमीटरवर आहे आणि तिथे रेल्वे जात नाही.

फाया थाईला उतरेपर्यंत आठ वाजत आलेले असतात. थायलंडमध्ये सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते. ऐन गर्दीत सगळा फलाट एकाएकी थांबतो. जिन्यावरची बाई एक पाय वरच्या पायरीवर ठेवून उभी राहते, गणवेशातला मुलगा कानातले इअरफोन काढतो. युरोपातून आलेला बॅकपॅकर अशा वेळी दोन-चार पावले चालत राहतो आणि मग ओशाळतो. भारतीय मात्र चटकन ताठ होतो. चित्रपटगृहांनी त्याला ही सवय लावलेली आहे. पहिल्या दिवसात त्याने काही बिनचूक केले असेल तर ते एवढेच, आणि गंमत अशी की यात त्याचा एक बाटही गेलेला नसतो. खाली रस्त्यावर टुकटुकवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला, २०० बाट सांगतो. घासाघीस होऊन १५० ठरतात. ५० वाचले.

खाओ सान रोड हा राजा चुलालोंगकोर्नच्या काळात १८९२ च्या सुमारास बांधलेला, जेमतेम ४०० मीटरांचा रस्ता. एके काळी इथे तांदळाचा व्यापार चाले. १९८२ मध्ये बँकॉकच्या स्थापनेला २०० वर्षे झाली, त्या सुमारास पाहुणे वाढले आणि या बांगलांफू भागातल्या रहिवाशांनी घरातल्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणाऱ्या गोऱ्या तरुणांनी हा पत्ता एकमेकांना सांगितला, मार्गदर्शक पुस्तकांनी तो छापला, आणि ॲलेक्स गारलंडच्या ‘द बीच’ या १९९६ च्या कादंबरीची सुरुवातही इथल्याच एका गेस्टहाउसात झाली. रात्री हा रस्ता इतका गाजतो की शेजारच्या गल्लीत बोललेले ऐकू येत नाही. पण प्रवासी पोचतो सकाळी नऊला. त्या वेळी दुकानांची शटरे खाली असतात, कोणी पाइपने रस्ता धूत असते, आणि कालच्या रात्रीचे शेवटचे गिऱ्हाईक आणि आजचे पहिले गिऱ्हाईक एकाच फूटपाथवर बसून एकमेकांकडे सहानुभूतीने पाहत असतात.

हॉस्टेलच्या काउंटरवरची मुलगी हात जोडून, मान लववून, अतिशय गोड हसून सांगते की पलंग दोनला मिळेल. इतक्या गोड नकाराची मराठी माणसाला सवय नसते, त्यामुळे तो नकार आहे हे समजायला थोडा वेळ लागतो. सॅक मात्र ठेवून घेतात. स्नानगृहही वापरू देतात, आणि तिथे भिंतीला जेट स्प्रे असतो. या विषयावर प्रवासवर्णनकार मौन पाळतात, ते योग्य नाही. युरोपात टिश्यू पेपरच्या भरवशावर दिवस काढलेल्यांना विचारावे; थायलंड ही भारतीयांना आपली भूमी का वाटते, याची कारणे रामायण आणि बुद्ध यांच्यापाशी संपत नाहीत.

सॅक उतरली की बँकॉकच्या राजवाड्याकडे कूच. तो खाओ सानपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि या चालण्यातच पहिल्या दिवसाची मुख्य घटना घडते. स्वच्छ शर्टातला एक सभ्य गृहस्थ भेटतो. आपण शिक्षक असल्याचे सांगतो, कुठून आलात विचारतो, भारताबद्दल दोन चांगले शब्द बोलतो आणि मग हळहळतो की राजवाडा आज एक वाजेपर्यंत बंद आहे, भिक्षूंची प्रार्थना चालू आहे. तोवर काय करणार? हा टुकटुकवाला २० बाटमध्ये तीन देवळे दाखवील. टुकटुक तिथेच उभी असते. ही युक्ती दशकानुदशके जशीच्या तशी चालू आहे. देवळे खरोखर दाखवली जातात, फक्त दोन देवळांच्या मध्ये एक रत्नांची पेढी आणि एक शिंप्याचे दुकान लागते. गिऱ्हाईक आत नेल्याबद्दल टुकटुकवाल्याला पेट्रोलचे कूपन किंवा दलाली मिळते, म्हणून २० बाट परवडतात. पेढीवर नीलम आणि माणके घाऊक भावात मिळतात, मायदेशी दुपटीने विकली जातील अशी हमीही मिळते. मायदेशी ती विकायला गेलेल्यांच्या हकिकती ऐकण्यासारख्या असतात.

राजवाडा एखाद्या राजसमारंभाचा अपवाद सोडला तर रोज उघडा असतो आणि अनोळखी माणसांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका अशा सूचना तिथेच लावलेल्या आहेत. हे सगळे वाचून आलेला मराठी प्रवासी एरवी फसत नाही, कारण गोड बोलणाऱ्याचा त्याला पहिल्यापासून संशय असतो. अपवाद पुणेकरांचा. ज्या गावात एक ते चार दुकान बंद ठेवणे हा मालकाचा जन्मसिद्ध हक्क समजला जातो, त्या गावच्या माणसाला राजवाडा सकाळी बंद असल्याचे नवल वाटत नाही. उलट इतक्या नम्रपणे कोणी ते सांगतो याचे वाटते.

न फसता दारापर्यंत पोचलेल्यासमोर दोन अडचणी उभ्या राहतात. तिकीट ५०० बाट, म्हणजे अडीचकीने १,२५०. आणि गुडघे झाकलेले हवेत. जीन तर सकाळीच घामाने असह्य होऊन सॅकमध्ये गेलेली असते आणि अंगावर असते अर्धी चड्डी. समोरच्या फूटपाथवर हत्ती छापलेल्या सुळसुळीत विजारी टांगलेल्या असतात. सांगितलेला भाव २००, झालेला सौदा १५०. दहा पावलांवरच्या पुढच्या गाडीवर त्याच विजारीला १०० ची पाटी असते. एव्हाना ऊन डोक्यावर, रांग लांब आणि रात्रीची झोप झालेली नाही. म्हणून ‘उद्या निवांत पाहू’ असा ठराव एकमताने, म्हणजे एकट्याच्या मताने, मंजूर होतो. आतल्या भिंतींवर रामकियनचे, म्हणजे थाई रामायणाचे, १७८ चित्रे रंगवलेली आहेत. त्या कथेतला हनुमान रावणाच्या मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो. समर्थांच्या अकरा मारुतींच्या मुलखातून आलेल्या माणसाने हा धक्का एक दिवस पुढे ढकलला, हे एका परीने बरेच होते.

या दिवसातली खरी स्वस्त आणि मस्त गोष्ट म्हणजे चाओ फ्राया नदीतली बोट. पर्यटकांसाठी वेगळी, महाग आणि इंग्रजीत माहिती सांगणारी बोट आहे; तिच्याकडे पाठ फिरवून नारिंगी झेंड्याच्या बोटीत चढावे. कुठेही जा, १६ बाट. पंडे-पुजाऱ्यांना आपल्याकडे जो मान नाही तो इथे भिक्षूंना आहे, त्यांना उभे राहायला जागा राखून ठेवलेली असते. कंडक्टर बाईंच्या हातात लांबट गोल पत्र्याचा डबा असतो. त्यातच नाणी आणि त्यातच तिकिटांची गुंडाळी. तो डबा त्या खुळखुळवत गर्दीतून येतात तेव्हा एसटीच्या कंडक्टरच्या चिमट्याची टकटक आठवते आणि हात आपोआप खिशात जातो. डब्याच्या झाकणाच्या कडेनेच तिकीट फाटते. मागच्या टोकाला दोरखंड घेऊन उभा असलेला गडी शिट्ट्या मारतो. चालकाला मागचे दिसत नाही, म्हणून ‘थोडी मागे’, ‘थांब’, ‘चल’ हे सगळे त्या शिट्ट्यांच्या लांबी-आखूडपणात असते. बोट धक्क्याला पुरती लागायच्या आत माणसे उतरलेली असतात आणि पुरती सुटायच्या आत चढलेली. दादर स्टेशनावर तयार झालेला माणूस इथे परदेशी वाटत नाही. समोर वाट अरुण या देवळाचा उंच मनोरा सरकत जातो, वारा लागतो, आणि पहिल्यांदाच गुणाकार करायचा राहून जातो.

मग भूक लागते. मांसाहारी प्रवाशाला वाटते आपल्याला काही अडचण नाही. ती त्याला तेव्हा कळते, जेव्हा दिवस संकष्टीचा असल्याची आठवण घरून फोनवर येते. शाकाहाराची थाई कल्पना उदार आहे. मांस नको म्हटले की मांस खरेच घालत नाहीत, कोळंबी घालतात. कोळंबी नको म्हटले की तीही काढून टाकतात, पण फिश सॉस राहतो, कारण त्याला कोणी मासा समजत नाही. यावर उपाय म्हणजे पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरातली ‘चे’ची खूण शोधणे. चिनी बौद्ध परंपरेतल्या या जेवणात मांस-मच्छी-अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या आजीला हे दुकान दाखवले तर ती परत यायची नाही. अगदीच काही जमले नाही तर बँकॉकच्या फाहुरात भागातल्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, आणि तिथे कोणी हिशेब मागत नाही.

कोल्हापूरकर मात्र सोम तामच्या गाडीसमोर थांबतो. कच्च्या पपईचा कीस, शेंगदाणे, लिंबू, सुकी कोळंबी आणि मिरच्या असे सगळे बाई उंच उखळीत घालतात आणि लाकडी मुसळाने ठोक-ठोक कुटतात. दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचे वर करणे चालूच. मिरच्या किती, असे त्या बोटांनी विचारतात. इथे प्रश्न चवीचा राहत नाही, जिल्ह्याचा होतो. प्रवासी पाच बोटे दाखवतो. बाई एकदा त्याच्याकडे आणि एकदा मिरच्यांकडे बघतात आणि आपल्या अधिकारात तीन घालतात. पुढची दहा मिनिटे तो सेव्हन-इलेव्हनच्या थंडगार दुकानात दुधाची बाटली धरून उभा असतो. डोळ्यांतले पाणी पुसून बाटलीवरची तारीख वाचावी तर ते दूध २५६९ सालापर्यंत टिकणार असते. थायलंडचे बौद्ध वर्ष ५४३ ने पुढे आहे, म्हणजे २०२६ हेच तिथले २५६९, हे उमगेपर्यंत तो थाई दुग्धव्यवसायाबद्दल फार मोठे मत करून बसलेला असतो.

दोन वाजता पलंग मिळतो. तो नेहमी वरचा असतो. खोलीत आठ पलंग, आठ टॉवेल आणि एकच खिडकी. लॉकर असतो, कुलूप आपले आणायचे असते आणि ते घरी सॅकच्या वजनात कापले गेलेले असते. काउंटरवर विकत मिळते. खालच्या पलंगावरचा जर्मन पाच महिन्यांपासून हिंडतो आहे, समोरची मुलगी नोकरी सोडून निघाली आहे. आपण किती दिवस, या प्रश्नावर मराठी प्रवासी ‘सहा’ म्हणतो आणि त्यातले दोन दिवस शनिवार-रविवार आहेत हे सांगत नाही. भाकरवडीचा पुडा फुटला की मात्र त्याचा भाव वाढतो. जर्मनाला ती फार आवडते. घरच्या ग्रुपवर ‘पोचलो’ असा निरोप जातो. आई विचारते, ‘जेवलास का?’ मावशी लिहिते, ‘तिकडे विंचू खातात म्हणे, बघून खा.’ काका बाटचा भाव विचारतात आणि आपण यापेक्षा चांगला मिळवून दिला असता असे कळवतात. ‘अर्धा तास पडतो’ म्हणून आडवा झालेला प्रवासी साडेसातला उठतो, आणि त्याला आधी देश कोणता ते आठवावे लागते.

खाली खाओ सान पेटलेला असतो. मावशीचे म्हणणे खरे निघते: काडीला टोचलेले तळलेले विंचू ट्रेमध्ये मांडलेले असतात. खाणारे थोडे, फोटो काढणारे फार, म्हणून विकणाऱ्याने ‘फोटो १० बाट’ अशी पाटी गळ्यात अडकवलेली असते. या रस्त्यावर नुसते पाहण्याचेही पैसे पडतात, हे दिवसभरात उमगलेले सत्य इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी मांडलेले नाही. फूटपाथवर आरामखुर्च्यांची रांग, पाय चोळून घ्यायचे तासाला ३०० बाट. सकाळी १५ बाटसाठी रेल्वे धरणारा माणूस त्या खुर्चीत बसतो आणि कॅल्क्युलेटर उघडत नाही. ट्रेकिंगचे बूट घालून तो दिवसभर हिंडलेला असतो. चोळणाऱ्या बाई बूट काढताना काही बोलत नाहीत, फक्त शेजारणीकडे पाहून हसतात.

राजवाडा दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला उघडतो, तिकिटे दुपारी साडेतीनपर्यंत मिळतात. हत्तीची विजार चालते.